लाज सोबत घेऊनच निघा

‘जरा मन थाऱ्यावर आलं की दाखवू डॉक्टरला.’ ताप आल्यावर असं कोणी म्हणत नाही. पाय मोडलेल्या माणसाला आधी चालायला लाग, मग हाडाच्या डॉक्टरकडे जाऊ, असंही कोणी सांगत नाही. मनाच्या आजारात मात्र हे वाक्य घरोघरी बोललं जातं, आणि बोलणाऱ्याला त्यात काही वावगंही वाटत नाही. बेला, जैनद, तामसी, भीमपूर या आदिलाबादच्या मराठी बोलणाऱ्या पट्ट्यात एखाद्याची झोप उडते, जेवण तुटतं, वावरात जायचं बंद होतं, माणसांत बसणं नकोसं होतं. घरचे म्हणतात, उगाच टेन्शन घेतो. तो स्वतः म्हणतो, भीती थोडी कमी झाली, लोकांच्या नजरेला नजर द्यायची हिंमत आली की जाईन. पण भीती, लाज आणि हातपाय गळून जाणं हीच तर या आजाराची लक्षणं आहेत. ती गेल्यावर उपचाराला जायचं ठरवलं तर तो दिवस कदाचित उजाडणारच नाही. म्हणून या लेखात एकच गोष्ट पटवून द्यायची आहे : लाज जायची वाट पाहू नका, ती सोबत घेऊनच निघा. हा नुसता धीर देण्याचा प्रकार नाही. याच तत्त्वावर उभी असलेली, शेकडो प्रयोगांत तपासली गेलेली एक उपचारपद्धती आहे. तिचं नाव अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी. मराठीत स्वीकार आणि बांधिलकी उपचार म्हणता येईल. थोडक्यात तिला ‘अ‍ॅक्ट’ म्हणतात.

अमेरिकेतल्या नेवाडा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज यांनी 1980 च्या दशकात ही पद्धत बांधायला सुरुवात केली. 1999 मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी तिच्यावरचा मूळ ग्रंथ प्रसिद्ध केला. हेज यांना स्वतःला ऐन उमेदीत भीतीचे जबर झटके येत होते, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलेलं आहे. भीतीशी जितकं झुंजावं तितकी ती वाढते, हे निरीक्षण या पद्धतीच्या मुळाशी आहे, आणि त्याला प्रयोगाचा आधारही आहे. 1987 मध्ये डॅनियल वेग्नर यांनी काही जणांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, असं सांगितलं. अस्वल त्यांच्या मनात येतच राहिलं. आणि नंतर विचार करायची मोकळीक मिळाल्यावर, ज्यांना सुरुवातीपासून मोकळीक होती त्यांच्यापेक्षाही यांच्या मनात ते जास्त वेळा आलं. वाईट विचार हाकलायला निघालेल्या मनाचं हेच होतं. शेतातल्या हरळीचं उदाहरण घ्या. हरळी समूळ गेल्याशिवाय तिफण धरायची नाही असा हट्ट कोणी केला, तर हरळी जात नाहीच, वर वाफसाही निघून जातो. जाणता शेतकरी हरळी आहे हे मान्य करतो आणि वाफसा साधतो. दुःख, भीती, लाज या मनातल्या हरळीबाबत ‘अ‍ॅक्ट’चं म्हणणं असंच आहे. तिच्याशी लढण्यात हंगाम घालवू नका. तुम्हाला काय पेरायचं आहे ते बघा.

प्रत्यक्ष उपचारात सहा कौशल्यांवर काम होतं, पण ती पाढ्यासारखी पाठ करायची नसतात. यातलं सर्वांत उपयोगी, आणि घरीही करून पाहता येण्याजोगं कौशल्य म्हणजे विचार आणि आपण यांत थोडं अंतर पाडणं. ‘मी कुचकामी आहे’ असं मन म्हणतं, तेव्हा ते आपल्याला सातबाऱ्यावरच्या नोंदीसारखं पक्कं वाटतं. त्याच वाक्याला शेपूट जोडा : ‘मी कुचकामी आहे, असा विचार आत्ता माझ्या मनात येतोय.’ विचार गेला नाही, खोटाही ठरवला नाही. पण आता तो तुमच्या डोळ्यांवर बांधलेला नाही, समोर धरलेला आहे. समोरच्या गोष्टीला वळसा घालून पुढे जाता येतं. दुसरं कौशल्य म्हणजे जे वाटतंय त्याला अंगात जागा देणं. छातीवरचा दगड, पोटातला गोळा नेमका कुठे आहे, किती मोठा आहे, श्वासासोबत तो कमीजास्त होतो का, हे पाहणं. उद्याची काळजी आणि कालची चूक यांत हरवलेलं मन पायाखालच्या जमिनीवर, कानावर पडणाऱ्या आवाजावर आणणं हे तिसरं. या सगळ्या उलथापालथीत बघणारा ‘मी’ तोच राहतो याची ओळख हे चौथं. उरलेली दोन म्हणजे आपल्याला कशासाठी जगायचं आहे ते ठरवणं आणि त्या दिशेनं रोज एक पाऊल टाकणं. पद्धतीचा खरा जीव या दोघांत आहे. ध्येय आणि मूल्य यांतला फरक इथे नीट समजून घ्यायला हवा. यंदा मुलीचं लग्न उरकायचं हे ध्येय. ते पूर्ण होतं किंवा हुकतं. मुलीला आधार वाटेल असा बाप व्हायचं हे मूल्य. ते कधी संपत नाही, आणि पीक बुडालेल्या वर्षीही त्या दिशेनं एक पाऊल टाकता येतं : संध्याकाळी तिच्याजवळ बसून, आज दिवस कसा गेला हे विचारण्याइतकं लहान.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. कापसावर बोंडअळी, डोक्यावर सावकाराचं व्याज, विहिरीला पाणी नाही. अशा माणसाला ‘स्वीकार करा’ असं सांगणं म्हणजे अन्याय मुकाट्यानं सोसायला शिकवणं नव्हे का? शेतकऱ्याचं दुःख मनात नसून बाजारभावात आहे, मग त्याच्या मनावर उपचार कसले करता? या आक्षेपातला अर्धा भाग पूर्णपणे खरा आहे. कर्जाचा प्रश्न समुपदेशनानं सुटत नाही, आणि कोणी तसं भासवत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण ‘अ‍ॅक्ट’मध्ये स्वीकार करायचा असतो तो आतल्या वेदनेचा, बाहेरच्या परिस्थितीचा नाही. सावकाराचं व्याज स्वीकारा, असं ती म्हणत नाही. व्याजाच्या विचारानं छातीत होणारी धडधड स्वीकारा, म्हणजे ती थांबायची वाट न पाहता बँकेत जाता येईल, विम्याचा अर्ज भरता येईल, भावाशी बोलता येईल, असं तिचं म्हणणं आहे. नैराश्य माणसाची निर्णय घेण्याची ताकदच काढून घेतं. कागद समोर असतात, हात उचलवत नाही. परिस्थिती अन्यायाची आहे म्हणूनच तिच्याशी लढणाऱ्याचं मन उभं राहायला हवं. औषध, समुपदेशन आणि कर्जाची सोडवणूक एकमेकांच्या वाट्याचं काही काढून घेत नाहीत.

दुसरा आक्षेप आपल्या परंपरेतून येतो. सुखदुःख समान मानायला संतांनी शिकवलं, गावात दरवर्षी हरिनाम सप्ताह बसतो, मग हे परदेशी शास्त्र कशाला? साम्य खरंच आहे, आणि ज्याला भजनात बसल्यावर हलकं वाटतं त्यानं ते मुळीच सोडू नये. सप्ताहात माणूस माणसांत येतो, हाताला सेवा मिळते, ठरल्या वेळी उठावं लागतं. नैराश्यात या तिन्ही गोष्टींची गरज असते. पण उपदेश ऐकणं आणि कौशल्य अंगी बाणवणं वेगळं. पोहण्याचं वर्णन ऐकून कोणी पोहायला शिकत नाही. उपचारात तुमच्याच आयुष्यातली अडचण घेऊन, कोणाच्या तरी सोबतीनं, आठवड्यामागून आठवडे सराव होतो. शिवाय गंभीर आजारात मेंदूलाच औषधाची गरज असते. तिथे भक्ती कमी पडली असं म्हणणं रुग्णावर आणि भक्तीवर, दोघांवर अन्याय आहे.

मग ही पद्धत कितपत लागू पडते? 2015 मध्ये 39 नियंत्रित प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. काहीच उपचार न मिळालेल्या किंवा नेहमीचीच सेवा मिळालेल्या लोकांपेक्षा ‘अ‍ॅक्ट’ घेतलेल्यांना निश्चित अधिक फायदा झाला. मात्र विचार आणि वर्तनावर काम करणाऱ्या आधीच्या प्रस्थापित पद्धतींपेक्षा ती सरस असल्याचं दिसलं नाही. माझ्या मते आदिलाबादच्या वाचकासाठी हा निष्कर्ष फार मोलाचा आहे. याचा अर्थ, पाटीवर ‘अ‍ॅक्ट’ लिहिलेला तज्ज्ञ शोधत हैदराबाद-पुण्याला धावायची गरज नाही. नाव वेगळं असलं तरी तपासलेली पद्धत जवळ मिळत असेल तर तीच घ्या. गोव्यात ‘संगत’ या संस्थेनं दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या 495 रुग्णांवर केलेला प्रयोग 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. सहा ते आठ भेटींत त्यांनी रुग्णांना मूड सुधारायची वाट न पाहता पुन्हा कामाला, माणसांना, आवडीच्या गोष्टींना हात घालायला मदत केली. तीन महिन्यांनी त्या रुग्णांतले 64 टक्के नैराश्यातून बाहेर आले होते; हे समुपदेशन न मिळालेल्यांत ते प्रमाण 39 टक्के होतं. नाव ‘अ‍ॅक्ट’ नाही, पण मर्म ओळखीचं आहे : आधी पाऊल, मग उमेद. पैनगंगेपलीकडच्या आपल्या विदर्भातलं उदाहरण तर आणखी जवळचं. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम झाला. गावातलेच आरोग्य कार्यकर्ते, वर समुपदेशक, त्यांच्यावर मनोविकारतज्ज्ञ अशी साखळी होती. अठरा महिन्यांत नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. तुलनेसाठी वेगळी गावं ठेवलेली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय कार्यक्रमालाच देता येईल असं नाही. पण कापूस पिकवणाऱ्या, आपल्यासारख्याच गावांतले लोक मनाच्या दुखण्यासाठी मदत मागतात, आपल्यापैकी कोणी जवळ येऊन विचारलं तर बोलतात, एवढं तरी त्यातून नक्की कळतं.

आता प्रत्यक्ष वाट. जिल्ह्यातला सरकारी उपचाराचा मुख्य आधार म्हणजे आदिलाबादचं राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेचं रुग्णालय, ज्याला सगळे रिम्स म्हणतात. सकाळीच पोचा, ओपी चिठ्ठी काढा आणि मानसोपचार विभाग विचारा. तो शब्द तोंडातून निघत नसेल तर ‘झोप लागत नाही, जीव घाबरा होतो’ एवढं सांगितलं तरी चालेल. पुढचं विचारणं डॉक्टरांचं काम आहे. तेलंगणातल्या महिलांना डिसेंबर 2023 पासून आरटीसीच्या पल्ले वेलुगू आणि एक्स्प्रेस बसमध्ये राज्याच्या हद्दीत तिकीट लागत नाही. त्यामुळे पैसे नाहीत म्हणून बाईचा उपचार पुढे ढकलण्याचं कारण निदान प्रवासापुरतं तरी उरलेलं नाही. एवढं लांब जाणं पहिल्या दिवशी जमत नसेल तर गावच्या आशाताईशी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांशी बोला. आणि घराबाहेरही पडता येत नसेल तर 14416 हा ‘टेलिमानस’चा क्रमांक आहे. केंद्र सरकारनं 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू केलेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि वीस भाषांत आहे. फोन लागल्यावर भाषा विचारतात, तेव्हा मराठी मागा.

भाषेचा मुद्दा किरकोळ समजू नका. बाजारात, कचेरीत आपण तेलुगू आणि हिंदी सफाईनं बोलतो. पण ‘मन उठून गेलंय’, ‘जीव कासावीस होतो’, ‘आतून पोकळ वाटतं’ हे दुसऱ्या भाषेत सांगायला गेलं की ‘सिर में दर्द है’ एवढंच उरतं, आणि डोकेदुखीची गोळी घेऊन माणूस परत येतो. गोंडी, कोलामी, बंजारा बोलणाऱ्या शेजाऱ्यांची अडचण तर याहून मोठी आहे. म्हणून सोबत कोणी न्यायचं असेल तर नुसतं धीर देणारं नको, आपली आणि डॉक्टरांची अशा दोन्ही भाषा येणारं न्या. आणि डॉक्टरांशी काही वेळ एकट्यानं बोलायचा आपला हक्क मात्र सोडू नका. मराठीतच बोलायचं असेल तर यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सुमारे दोनशे किलोमीटरवरचं नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय या वाटा आहेत. पण राज्याच्या आरोग्य योजना त्या त्या राज्याच्या रेशनकार्डाशी जोडलेल्या असतात. दाखल व्हायची वेळ येणार असेल तर आपलं कार्ड पलीकडे चालेल का, हे आधीच विचारून घ्या. माझा सल्ला असा : गोळ्या जिथून नियमित मिळतील असं जवळचं ठिकाण धरा, आणि मनातलं बोलण्यासाठी मराठी माणूस फोनवर मिळाला तरी चालेल. दर महिन्याला पैनगंगा ओलांडायची असेल तर उपचार अर्ध्यावर सुटण्याचा धोका असतो.

कोणाला काय म्हणायचं हेही माहीत हवं. मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मानसोपचाराचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषध तो लिहून देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही, चाचण्या आणि मानसोपचार करतो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात काही उद्धटपणा नाही. समुपदेशक ही पाटी मात्र कोणीही लावू शकतो. ‘अ‍ॅक्ट’च्या जागतिक संघटनेनं तर जाणूनबुजून उपचारकांना प्रमाणपत्र द्यायचं टाळलं आहे, तेव्हा ‘प्रमाणित अ‍ॅक्ट थेरपिस्ट’ असं कोणी मिरवत असेल तर थोडं थांबून चौकशी करा. पहिल्याच भेटीत विचारा : माझ्या त्रासाला तुम्ही काय म्हणता, साधारण किती भेटी लागतील, दोन भेटींच्या मध्ये मी घरी काय करायचं, आणि फरक पडतोय हे आपण कसं ओळखायचं? चांगला उपचारक या प्रश्नांनी चिडत नाही. औषध सुरू झालं तर नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. आठ दिवसांत फरक नाही म्हणून किती तरी पाकिटं देवळीत पडून राहतात. बरं वाटल्यावर स्वतःहून गोळ्या तोडू नका. डॉक्टर सहसा त्यानंतरही काही महिने त्या चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात.

काही वेळा स्वीकार, मूल्यं हे सगळं बाजूला ठेवून तातडीनं रुग्णालय गाठावं लागतं. कोणी कानात आवाज येतात म्हणतं, सगळे माझ्या जिवावर उठलेत म्हणतं. कोणी दिवसचे दिवस न झोपता भरमसाट बोलतं, उधळपट्टी करतं. ही आधी औषधाची कामं आहेत. याला करणी किंवा भानामती म्हणून भगताकडे नेण्याआधी, नाहीतर निदान त्याच दिवशी, डॉक्टरांना दाखवा; अंगारा लावलात तरी गोळी थांबवू नका. साखळीनं बांधायला तर 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं स्पष्ट मनाई केली आहे. रोज दारू किंवा भेसळीची ताडी पिणाऱ्यानं ती एकाएकी बंद केली की हात कापणं, भास होणं, फिट येणं असे जिवावर बेतणारे प्रकार होतात. 2020 च्या टाळेबंदीत ताडी बंद झाल्यावर हैदराबादच्या एर्रागड्डा इथल्या मानसिक रुग्णालयात अशा रुग्णांची रीघ लागली होती. व्यसन सोडायचा निश्चय कौतुकाचाच, पण तो डॉक्टरांच्या देखरेखीत पार पाडा. आणि कोणी जगण्यात अर्थ नाही, मी नसतो तर बरं झालं असतं असं बोललं, तर ‘असलं बोलू नये’ म्हणून तोंड बंद करू नका. शांतपणे, सरळ विचारा : मरायचा विचार येतो का? असं विचारल्यानं तो विचार मनात घातला जात नाही. उलट कोणीतरी ओळखलं म्हणून माणसाला सुटल्यासारखं वाटतं. त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं घरातून आणि गोठ्यातून हलवून दुसऱ्याच्या ताब्यात द्या, 14416 ला फोन लावा किंवा थेट दवाखान्यात न्या. पोलिसांच्या भीतीनं लपवू नका. त्याच 2017 च्या कायद्यानुसार जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच मानलं जातं, आणि त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

यापैकी काही नसेल, आणि डॉक्टरांची तारीख यायला वेळ असेल, तर मधले दिवस मोकळे जाऊ देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये ‘अ‍ॅक्ट’वर आधारलेलं एक सचित्र पुस्तक काढलं, ते ध्वनिफितींसह संघटनेच्या संकेतस्थळावर मोफत मिळतं. ज्या अभ्यासक्रमातून ते आलं, त्याची परीक्षा दक्षिण सुदानमधून परागंदा होऊन युगांडात राहणाऱ्या 694 स्त्रियांवर झाली होती. गटात बसून पाच वेळा ध्वनिफीत ऐकायची आणि सराव करायचा, एवढंच. तीन महिन्यांनंतरही त्यांचा मानसिक त्रास तो अभ्यासक्रम न घेतलेल्यांपेक्षा कमी होता. त्यांचं घर, शेत, गाव परत मिळालेलं नव्हतं, तरी हा फरक पडला. बचत गटाच्या बैठकीत बायकांनी पंधरा मिनिटं असा सराव करून पाहायला काहीच हरकत नाही. वाचता न येणाऱ्यांना चित्रं आहेत, ऐकायला फोन आहे.

आणि दवाखान्यात जायच्या आदल्या रात्री एक कागद घ्या. त्रास कधीपासून आहे, झोप किती लागते, जेवण कसं आहे, कोणत्या गोळ्या चालू आहेत, घरात पूर्वी कोणाला असं झालं होतं का, हे चार ओळींत मराठीत लिहा. खाली, बरं वाटलं तर पुन्हा काय करायला आवडेल, ते एक वाक्य लिहा. उपचार कोणत्या दिशेनं न्यायचा हे डॉक्टरांना त्यावरून कळेल. सकाळी बसस्टँडवर उभं राहिल्यावर ओळखीचं कोणी भेटेल आणि विचारेल, कुठे चाललात? छातीत धडधडेल. ‘रिम्सला’, एवढंच सांगा आणि बसमध्ये चढा.